डबा एकटाच निघाला

गाडी सुटली तरी चालेल, पण जागा सुटता कामा नये, हा वऱ्हाडी माणसाचा धर्म. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत पडतो. रुमाल नसला तर टोपी, टोपी नसली तर पिशवी, आणि काहीच नसलं तर घरचं पोरगं. एकदा वस्तू सीटवर पडली की मालक खुशाल चहा प्यायला जातो. तहसीलदार आला तरी त्या रुमालाला हात लावत नाही. ज्योत्स्ना तायडे पाच वर्षांची असताना दर्यापूरच्या स्टँडवर तिच्या वडिलांनी, किसनरावांनी, खुद्द तिलाच खिडकीतून आत टाकलं होतं आणि बाहेरून ओरडून सांगितलं होतं, "आडवी होऊन जाय!" ती आडवी झाली आणि तिनं सगळ्या घराची जागा धरली.

इतकं रक्तात भिनलेलं असूनही ऐन वेळी ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही, आणि पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. गोंधळ म्हणा, नाहीतर नशीब म्हणा.

ज्योत्स्ना आता बिनड्रायव्हरच्या गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीत होती. गाडीला रस्ता दिसतो कसा, ब्रेक कधी लागतो, हे गोपालचं काम. गोपाल धामणगाव रेल्वेचा, इंजिनियर, बोलायला कमी आणि चहाला पुढे. आत बसलेल्या माणसाला कसं वाटतं, हे ज्योत्स्नाचं काम. दार कोणत्या आवाजानं लागावं, गाडीनं काय बोलावं आणि कुठं गप्प बसावं, समोर म्हैस आली तर गाडीलाही ती दिसली आहे हे आतल्या माणसाला कसं कळावं, असल्या गोष्टींत तिचे दिवस जायचे. अमरावतीला शेजारणी तिच्या आईला विचारायच्या, "पोरगी करते तरी काय?" जाईबाई म्हणायच्या, "गाडीत बसनाऱ्याच्या पोटात गोया येते ना, थो येऊ नाई म्हून पाह्यते." आपल्या कामाची याहून चांगली व्याख्या ज्योत्स्नाला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती.

गाडीची चाचणी अकोल्याच्या अलीकडे, एका ट्रस्टच्या दवाखान्यात चालली होती. गेट हायवेवर आणि वॉर्ड पार आत, नाल्याच्या पलीकडे. मधला रस्ता दवाखान्याचाच, दोन्हीकडे कडुनिंब. दोन उन्हाळ्यांपूर्वी जाईबाई इथं दाखल होत्या, तेव्हा ज्योत्स्ना भर मे महिन्यात याच रस्त्यानं डबा घेऊन जायची. एकदा तिला भोवळ आली. मांडीवर डबा घेऊन ती झाडाखाली बसली आणि तिथंच ढसाढसा रडली. म्हणून पुण्यात कंपनीची बैठक झाली तेव्हा ती उठून उभी राहिली होती.

"गाडी पुण्यात शिवायची आणि मग आमच्या अंगावर चढवायची, असं करू नका," ती म्हणाली. "आमच्या अंगाचं माप घ्या. तिथं गाडीची खरी गरज आहे. आमची माणसं बसतील."

मृणाल मॅडम चाचण्यांच्या प्रमुख. बाई कडक, पण कानाच्या बहिऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. एक हिवाळा देते. पण कंपनीचं कुणीही आत नसताना लोक आपणहून बसले पाहिजेत. नाही बसले, तर गाडी पुण्याला परत."

ज्योत्स्नानं मान डोलावली. आपली माणसं बसतील यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

माणसं बसली. पहिल्याच दिवशी बसली. पांढरी, सहा सीटची, आत गार हवा असलेली गाडी गेटाशी उभी दिसल्यावर कोण बसणार नाही? पाच जण आत शिरले, सरकून बसले, एकानं पायताणं काढली. दार लागलं. गाडी म्हणाली, "आपले स्वागत आहे. प्रवास सुरू करण्यासाठी कृपया हिरवे बटण दाबावे." कोणी हललं नाही. दहा मिनिटं गेली. एका बाईनं भाकरी सोडली. मिरचीचा ठेचा सगळ्यांना वाटला गेला. शेवटी एक म्हातारा काच खाली करून गेटावरच्या चंद्रभानला म्हणाला, "काय गा, डायवर कुठी मेला?"

चंद्रभान सिक्युरिटीवाला. खाकी टोपी, पिळदार मिशी. तो म्हणाला, "डायवर नाईच हाय. आपल्या मनानंच जाते थे."

गाडी बघता बघता रिकामी झाली. ठेचासुद्धा मागे राहिला नाही.

मग ज्योत्स्ना कामाला लागली. रिकाम्या ड्रायव्हर-सीटसमोरचं स्टिअरिंग आपोआप फिरताना पाहून एक बाई पदर तोंडात धरून उतरली होती, तेव्हा तिनं स्टिअरिंगवर झाकण बसवून घेतलं. गाडीची भाषा बँकेच्या फोनसारखी वाटते असं लोक म्हणाले, तेव्हा तिनं स्वतःच्या आवाजात नवे बोल भरले. समोर एक पडदा लावला. गाडीला जे दिसतं ते त्यावर दिसायचं. बकरी आली की बकरीचं चित्र, माणूस आला की माणसाचं. पोट्टे बाहेरून काचेला नाक लावून तो पडदा पाहत राहायचे. दवाखान्यानं पेशंटच्या अब्रूसाठी आत कॅमेरा लावू दिला नव्हता. तिला तेही पटलं होतं.

बटणापाशी मात्र सगळं अडायचं. सोबत ज्योत्स्ना किंवा गोपाल असले तर लोक मजेत जायचे. ते उतरले की बटण दाबायला कोणी तयार नाही.

"दाबा ना काका," ती बाहेरून सांगायची.

"मी काहून दाबू? गाडी काय माही हाय? उद्या काई झालं तं याच्यानंच दाबलं म्हनसान."

यात खोटं काय होतं? गाडी सुरू करणं म्हणजे तिची जबाबदारी घेणं, आणि दुसऱ्याच्या गाडीची जबाबदारी कोणता शहाणा माणूस घेईल? ज्योत्स्नाला हे उमगलं तेव्हा हिवाळा सरत आला होता. मृणाल मॅडम दुसऱ्या दिवशी येणार होत्या, आणि गाडी उचलून न्यायला ट्रेलर आधीच येऊन गेटाशेजारी उभा होता. ट्रेलरचा ड्रायव्हर पिंटू दिवसभर केबिनमध्ये पाय वर करून पडलेला असायचा. जो तो त्याला येऊन विचारायचा, "तूच का त्या गाडीचा डायवर?" पिंटू वैतागून म्हणायचा, "मी गाडी न्याले आलो, चालवाले नाई."

"बटणच काढून टाक," ज्योत्स्ना गोपालला म्हणाली. "माणूस सीटवर बसला, मिनिटभर बसून राहिला, की गाडीनं आपलं आपण निघायचं. काळी-पिवळी जीप माणसं बसली की निघते, तिचं काय कोणी बटण दाबतं?"

"बसला हे कळावं कशानं?"

"सीटला वजन कळतं ना?"

"कळतं. पण लहान लेकरू बसलं तर?"

"मग लेकराएवढं वजन धर."

गोपालनं लेकराएवढं वजन धरलं. दोघांनी बसून, उठून, पुन्हा बसून पाहिलं. गाडी शहाण्यासारखी वागली. ज्योत्स्ना त्या दिवशी अमरावतीला परतताना एसटीच्या खिडकीतून बडनेऱ्याचे दिवे पाहत एकटीच हसत होती. उद्या जमणार. जमलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मृणाल मॅडम आल्या. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, झाकलेलं स्टिअरिंग पाहिलं, पडदा पाहिला. "बटण काढलंत?" त्यांनी विचारलं.

"हो. ते दाबायला कोणी तयार नव्हतं."

"हुशारी आहे. आता बसणारं माणूस दाखवा."

तेच तर नव्हतं. बटण गेल्याची बातमी सकाळीच गेटावर पसरली होती, आणि लोकांनी तिचा उलटाच अर्थ काढला होता. आधी निदान आपण दाबल्याशिवाय गाडी हलत नव्हती. आता तर बसलं की नेतेच म्हणे. मग कोण बसतो? दवाखान्यात जाणारे नातेवाईक गाडीकडे कौतुकानं पाहत होते, तिच्या सावलीत उभे राहत होते आणि मग पायी निघून जात होते. बेबीताईंच्या चहाच्या टपरीवर तर एक पैज लागली होती. टपरी गेटाच्या अगदी समोर, तिथून सगळं दिसायचं.

"मी बसतो म्हनतो," एक जण छाती काढून म्हणाला.

"बस ना मंग," बेबीताई म्हणाल्या. "चहा मांगाहून पेजो."

तो चहाच प्यायला.

दुपार झाली. मृणाल मॅडम घड्याळाकडे पाहत नव्हत्या, पण ट्रेलरकडे पाहत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं. ज्योत्स्नाच्या पोटात आता तोच गोळा आला होता, जो दुसऱ्याच्या पोटात येऊ नये म्हणून ती पगार घेत होती. आपण बैठकीत उठून बोललो. आमची माणसं बसतील म्हणालो. आता ही गाडी गेली तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा कोणीतरी मांडीवर डबा घेऊन त्याच झाडाखाली बसणार.

एवढ्यात अकोल्याकडून आलेल्या काळी-पिवळीतून पार्बताबाई उतरल्या. त्यांच्या नवऱ्याच्या, नत्थुजींच्या, हाताचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्या रोज डबा घेऊन यायच्या; साऱ्या गेटाला त्या ठाऊक होत्या. अंगानं काटकुळ्या, पण पिशवी ही भलीमोठी. तिच्यात चार कप्प्यांचा डबा, पाण्याची कॅन, धुतलेली चादर, नत्थुजींचं धोतर आणि कशाला लागेल सांगता येत नाही म्हणून एक अडकित्ता.

"मावशी, आज तरी बसा ना गाडीत," ज्योत्स्ना काकुळतीला येऊन म्हणाली.

पार्बताबाईंनी गाडीकडे पाहिलं, पुढच्या उन्हातल्या रस्त्याकडे पाहिलं, मृणाल मॅडमच्या उन्हाच्या चष्म्याकडे पाहिलं. "पाह्यतो," त्या म्हणाल्या. "आंधी घोटभर चहा घेतो. जीपीत लय हाडं खिळखिळी झाली."

आणि चहाला जाण्याआधी त्यांनी जे केलं, ते कोणत्याही वऱ्हाडी माणसानं केलं असतं. उघड्या दारातून त्यांनी ती भलीमोठी पिशवी खिडकीजवळच्या सीटवर ठेवली. जागा धरली. बसायचं की नाही ते मग पाहता येईल, जागा तर हातची जाऊ नये.

ज्योत्स्नानं हे डोळ्यांनी पाहिलं. उलट तिला बरंच वाटलं. पिशवी आत गेली म्हणजे मागून बाईही जाणार. पार्बताबाईंच्या हाती चहाचा कप आला तशी ती मृणाल मॅडमना सांगायला वळली, "बघा, आता..."

मागे दार लागल्याचा आवाज झाला. तो मऊ, ठप्प असा आवाज तिनं स्वतः निवडलेला होता.

गाडी निघाली.

"गोपाल!" ज्योत्स्ना ओरडली. "आत कोण आहे?"

"कोणीतरी बसलंय," गोपाल हातातल्या टॅबकडे पाहत म्हणाला. "खिडकीजवळ. लेकरू असेल."

"लेकरू नाही रे! पिशवी आहे!"

तेवढ्यात टपरीवरून पार्बताबाईंनी बोंब मारली. "माहा डबा! अवं माय, माहा डबा घेऊन चालली थे!" कपातला चहा सांडला, बेबीताई धावल्या, पैजवाले धावले, चंद्रभान शिटी वाजवत सुटला. शिटीनं गाडी थांबते असं त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. पिंटूसुद्धा केबिनमधून खाली उतरला.

"थांबवा," मृणाल मॅडम म्हणाल्या.

गोपालचं बोट टॅबवरच्या लाल चौकोनाकडे गेलं. ज्योत्स्नानं त्याचं मनगट धरलं.

"रस्ता मोकळा आहे?"

"आहे."

"गाडीला सगळं दिसतंय?"

"दिसतंय."

"मग जाऊ दे."

"ज्योत्स्ना, आत माणूस नाही," मृणाल मॅडम म्हणाल्या.

"माणूस नाही म्हणूनच जाऊ दे म्हणते, मॅडम. थांबवली तर वाटेतच अडकून पडेल, आणि वॉर्डात यांचा माणूस भुकेला आहे. गाडी जिथं चाललीय तिथंच डबा जायचा आहे!"

मृणाल मॅडमनी लांब चाललेल्या गाडीकडे पाहिलं. मग त्यांनी गोपालला मानेनं नको म्हटलं, आणि त्याचं बोट मागे आलं.

मग त्या टॅबभोवती जी गर्दी झाली, तशी कधी क्रिकेटच्या सामन्यालाही त्या गेटावर झाली नव्हती. बेबीताई गोपालच्या खांद्यावरून वाकल्या. पैजवाल्यांनी दुसरा खांदा धरला. मध्ये पार्बताबाई, छातीशी दोन्ही हात घट्ट धरून. गाडीतल्या पडद्यावरचं चित्र टॅबवरही दिसायचं; तिथं कडुनिंब मागे सरत होते, रस्ता पुढे येत होता.

"आता गतिरोधक हाय," चंद्रभान म्हणाला. त्याला रस्ता पाठ होता.

गाडी हळू झाली. अलगद चढली, अलगद उतरली.

"पाह्य, पाह्य!" बेबीताई म्हणाल्या. "माह्या नवऱ्याची फटफटी कधी अशी उतरली नाई!"

"डब्यातलं वरन सांडन आता," पार्बताबाई म्हणाल्या.

"नाई सांडत, मावशी. तुमच्यापरीस सावकाश चालली थे."

पुलावर गाडी एकदम थांबली. गर्दीचा श्वासही थांबला. पडद्यावर काहीतरी हललं, आणि गाडीनं त्याच्यावर बकरीचं चित्र काढलं. मग दुसरं. मग तिसरं. नाल्याकडचा कळप रस्ता ओलांडत होता.

"बकऱ्या दिसल्या तिले!" पिंटू ओरडला. एवढा मोठा ट्रेलर चालवणारा माणूस, पण आवाज त्याचाच सगळ्यांत मोठा. "होर्न नाई वाजवला! थांबली नुसती!"

"जाऊ दे माय, जाऊ दे त्याहिले," पार्बताबाई पडद्याकडे पाहत गाडीला समजावत होत्या.

शेवटचं पिल्लू मध्येच उभं राहिलं. त्यानं गाडीकडे पाहिलं. गाडी त्याच्याकडे पाहत उभी राहिली. दोघांनाही घाई नव्हती. इकडे गेटावर मात्र पैजवाल्यांपैकी एकानं दुसऱ्याचा हात इतका आवळला की तो ओरडला. अखेर पिल्लू उडी मारून गेलं, गाडी निघाली, आणि गेटावर टाळ्या पडल्या. ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसतही होती. गाडीत तिनं घातलेली प्रत्येक गोष्ट या घडीला चालत होती, फक्त ती पाहायला आत कोणी नव्हतं.

पार्बताबाईंनी कनवटीतून फोन काढून नत्थुजींना लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून त्याचा आवाज मोठा केला. "अवो, आयका! दारापाशी या! डबा येऊन राहिला!"

"कोनासंग?" नत्थुजींचा आवाज आला.

"कोनासंगच नाई! एकटाच येऊन राहिला!"

"काय बोलून राहिली तू?"

"गाडीत बसला हाय! तुमी बाहीर निंघा आंधी!"

फोनमधून चपलांचा आवाज आला, कोणाचं तरी खोकणं आलं, मग थोडा वेळ नुसती हवा. आणि मग, दार उघडल्यावर, फोनमधून ज्योत्स्नाचाच आवाज सगळ्यांना ऐकू आला. तिनं स्वतः भरलेला, अमरावतीच्या घरी पंखा बंद करून.

"तुमचं ठिकान आलं. सावकाश उतरा. सामान इसरू नका."

गाडी डब्याला म्हणत होती. गेटावर असा हशा पिकला की झाडावरचे कावळे उडाले. मृणाल मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले.

"भेटला," फोनमध्ये नत्थुजी म्हणाले. त्यांचाही आवाज आता बदलला होता. "डबा भेटला वं. तुरीच्या सोल्याची भाजी हाय ना? गरमच हाय अजून."

"सांडली का?"

"काई सांडली नाई. आता थांब, फोन ठेवू नोको. कालचा डबा धाडतो वापस."

यांच्या घरचे डबे दोन होते. एक आला की आदल्या दिवशीचा परत जायचा. वॉर्डापाशी कोणी चढलं नाही तर गाडी थोडी थांबून रिकामी गेटावर परत यायची, हे नत्थुजी रोज ओट्यावर बसून पाहत आले होते. फोनमध्ये झाकणाचा आवाज झाला, दार लागल्याचा ठप्प आवाज झाला. "निंघाली," ते म्हणाले. "तीन ठेवले आत. पाहून घेजो."

ज्योत्स्ना मृणाल मॅडमकडे वळली. तिचे कान तापले होते, शब्द एकमेकांवर आदळत होते. "पाहिलंत ना मॅडम? आमच्याकडे ज्याचा भरवसा नाही त्याच्या हाती कोणी डबा देत नाही."

"दिला कुठे?" मृणाल मॅडम म्हणाल्या. "चुकून गेला. आणि डबा म्हणजे प्रवासी नव्हे, ज्योत्स्ना."

खरं होतं.  मग ज्योत्स्नाचं डोकं लख्खकन चाललं. "जाताना चुकून गेला. पण येताना? येताना त्यांनी आपल्या हातानं ठेवलाय. कोणी सांगितलं नव्हतं."

 मृणाल मॅडमनी ट्रेलरकडे पाहणं सोडलं आणि त्या रस्त्याकडे पाहू लागल्या. सगळेच रस्त्याकडे पाहू लागले. कडुनिंबांच्या सावल्यांतून पांढरी गाडी येताना दिसली तशी चंद्रभाननं सवयीनं गेट सावरलं आणि टोपी नीट केली, जशी तो मोठ्या डॉक्टरांच्या गाडीसाठी करायचा.

गाडी थांबली. दार उघडलं. खिडकीजवळच्या सीटवर कालचा डबा बसून आला होता, घासलेला, लख्ख. पार्बताबाईंनी तो उचलून मांडीवर घेतला आणि झाकण काढलं. आत संत्री होती. डबा रिकामा परत करायचा नसतो. भेटायला आलेल्या कोणीतरी दिलेली संत्री नत्थुजींनी त्यात घातली होती. पार्बताबाईंनी ती एकेक करून हातात घेतली.

"तीन म्हनले होते," त्या म्हणाल्या. "तीनच हायत."

मग त्यांनी चंद्रभानकडे पाहिलं. "याच्या हाती पाठवले असते तं एक तं वाटेतच सोलला असता यानं."

"मी कधी सोलला व?" चंद्रभान कळवळला.

"मंग मांगच्या मंगयवारी चिवडा कमी कसा झाला?"

गेटावर पुन्हा हशा झाला आणि चंद्रभाननं मिशी झाकली. पार्बताबाईंनी एक संत्रं बेबीताईंना दिलं, एक ज्योत्स्नाच्या हातात कोंबलं. तिसरं त्यांनी गाडीच्या पुढच्या फळीवर, झाकलेल्या स्टिअरिंगपाशी ठेवलं. काम केलेल्याला काहीतरी द्यावं लागतं, तो खातो की नाही हा त्याचा प्रश्न. मग पदर खोचून त्या गाडीत चढल्या.

"मावशी, खरंच जाता?" ज्योत्स्नानं विचारलं. "मी येऊ संगं?"

"तू कायले? डब्यासंग कोनी गेलं होतं का?" पार्बताबाई सीटवर नीट बसल्या. "सोल्याच्या रश्शाचा थेंब सांडला नाई तिनं. मी का रश्शाहून पातळ हावो?"

त्यांच्या या वाक्यानं गेटावरचं काहीतरी सुटलं. अडलेलं पाणी बांध फोडून निघावं तसे लोक निघाले. सकाळपासून सावलीत उभी असलेली एक बाई लेकराला कडेवर घेऊन चढली. पैजवाला चढला. मागच्या खिडकीतून कोणाचा तरी रुमाल आत पडला. रुमालाच्या शेजारी एक टोपी पडली, आणि मालक धावत वळसा घालून दाराशी आले.

मृणाल मॅडमनी पर्स खांद्याला अडकवली. त्यांच्या चेहऱ्यावर ज्योत्स्नानं कधी न पाहिलेली उत्सुकता होती, जत्रेतल्या पाळण्यासमोर उभ्या राहिलेल्या पोरीची असावी तशी. "मी पण जाते," त्या म्हणाल्या. "कंपनीची म्हणून नाही. मला आतून बघायचंय." त्यांनी दारात पाय ठेवला. पार्बताबाईंच्या शेजारची एकच जागा मोकळी होती. त्या तिच्यावर बसणार, तोच पार्बताबाईंनी कालचा डबा तिथं ठेवला.

"धरेल हाय, बाई," त्या म्हणाल्या. "बेबीताई येते. गल्ला बंद करून येऊन राहिली."

मृणाल मॅडम ज्योत्स्नाकडे पाहू लागल्या. ज्योत्स्नानं दोन्ही हात वर केले. धरलेल्या जागेपुढे तिचंही काही चालत नव्हतं. बेबीताई पदराला हात पुसत धावत आल्या, मॅडमच्या काखेखालून आत शिरल्या आणि डबा मांडीवर घेऊन बसल्या.

"तुमी मांगच्या गाडीनं या," पार्बताबाई मोठ्या मनानं म्हणाल्या.

दार लागलं, ठप्प. गाडी निघाली. आत सगळे एकदम बोलत होते, आणि त्या गलक्यात ज्योत्स्नाचा भरलेला आवाज कोणाला सरकून बसायला सांगत होता. कडुनिंबांखालून ती पांढरी गाडी लहान होत गेली. ज्या झाडाखाली ज्योत्स्ना एकदा बसली होती, ते झाड गाडीनं न थांबता मागे टाकलं.

गेटावर आता चौघंच उरले होते, आणि पिंटू. मृणाल मॅडम उन्हात उभ्या होत्या, रिकाम्या रस्त्याकडे पाहत.

"मागची गाडी म्हणजे हीच ना?" त्यांनी विचारलं.

"हीच," ज्योत्स्ना म्हणाली. "परत येईल आत्ता."

पिंटू डोकं खाजवत पुढे आला. "मॅडम, मंग गाडी चढवाची का नाई?"

मृणाल मॅडमनी गळ्यातला रेशमी स्कार्फ काढला, त्याची नीट घडी केली आणि हातात तयार धरला.

"नाही, तुम्ही परत जा," त्या पिंटूला म्हणाल्या. मग ज्योत्स्नाकडे वळून त्यांनी विचारलं, "आता मला सांग, हा खिडकीतून टाकायचा कसा?"